काळ्या पेल्यांचं दालन

सिंगापूरला सेम्बावांगच्या त्या फ्लॅटमध्ये सगळं माझ्याआधी जागं होत असे. पहिला कोकीळ. आमच्या सांगलीकडे कोकीळ चैत्राच्या सुमाराला ओरडतो आणि मग गप्प बसतो. तिथला मात्र जवळपास बाराही महिने, कुणाला तरी हाक मारतोय आणि ओ मिळत नाहीये असा ओरडत राहायचा. मग बाबांच्या खोलीतला पंखा बंद व्हायचा, स्वयंपाकघरात गॅसचा लायटर टकटक करायचा, आणि थोड्या वेळानं बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज यायचा. त्यानंतर यार्डाचा भोंगा. मी उठून बाहेर यायचे तेव्हा टेबलावर माझा चहा बशीनं झाकलेला असायचा, गार. मी तो तसाच प्यायचे. गरम करून घ्यायला कुणाची हरकत नव्हती, पण बाबांनी करून ठेवलेला चहा आपण पुन्हा उकळायचा हे मला कसंतरीच वाटायचं.

बाबा मरीन इंजिनियर. माझं लहानपण सांगलीत आईबरोबर गेलं आणि बाबा हे सुट्टीवर येणारे पाहुणे होते. मी नववीत असताना आई काविळीनं गेली. बाबांचं जहाज तेव्हा भर समुद्रात होतं, ते घरी पोचले तोवर तेरावाही उरकला होता. दहावी मी मिरजेला मावशीकडे राहून केली. तेवढ्यात बाबांनी जहाजावरची नोकरी सोडली, सिंगापूरला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात जमिनीवरचं काम धरलं आणि मला घेऊन गेले. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आम्ही पोचलो तेव्हा वर्षाचा मध्य होता. "तोवर घरी इंग्रजी वाच," बाबा म्हणाले. तोवर म्हणजे किती मोठा काळ असतो, हे सोळाव्या वर्षी एकटीनं घरात बसल्यावर कळतं.

दुपार फार लांबायची. वरच्या मजल्यावर चार म्हाताऱ्या बायका माजाँग खेळायच्या, त्यांच्या सोंगट्या टेबलावर कालवल्या की नदीत गोटे घरंगळल्यासारखा आवाज यायचा, आणि मग हशा. कशाला हसल्या ते मला कधीच कळायचं नाही. खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांना वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी घरातून तळलेल्या सुक्या मासळीचा वास. शेजारच्या गो आंटी जाळीतून डोकावून विचारायच्या, "गर्ल, ईट ऑलरेडी?" मी मान हलवायचे. मग त्या म्हणायच्या, "एव्हरीडे अलोन, आह? नो गुड, लाह." एवढं बोलून पांदान नावाच्या झाडाच्या पानांनी हिरव्या झालेल्या केकचा एक तुकडा जाळीतून आत सरकवायच्या. त्यात अंडं असणार हे मला माहीत होतं, तरी मी खायचे. दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस असायचं, त्याला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी बाबा यायचे. आंघोळ करून लगेच जेवायला बसायचे, कारण जहाजावर जेवण ही दोन पाळ्यांमधली गोष्ट असते आणि ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. मी वाढायचे. मला इतक्या लवकर भूक नसे, मी नंतर जेवायचे, त्याच टेबलावर, एकटी. "वरण चांगलं झालंय." "कांदे संपलेत." "शनिवारी सेरंगून रोडला जाऊ, तूरडाळ आणू." असं आमचं बोलणं. वाईट वागायचे म्हणावं तर तसंही नव्हतं. मला काही लागलं की न मागता आणायचे. एकदा मी सांगलीहून आणलेल्या खडूच्या रंगांची पेटी संपत आल्याचं त्यांनी पाहिलं असावं; दुसऱ्या दिवशी चहाशेजारी नवी पेटी होती. पण ती देताना ते तिथे नव्हते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी चांगल्या श्रेणीत पास झाले होते. शिकवलेलं असं तेवढंच माझ्याजवळ होतं. बाबांनी मला बसचं कार्ड दिलं होतं, तेव्हा मी वही घेऊन भटकायला लागले. बसनं ईशूनपर्यंत, तिथून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, शहरात. आणि एका दुपारी नुसत्या उकाड्याला कंटाळून, एसी आहे म्हणून, मी एका संग्रहालयात शिरले.

आत इटलीहून आलेलं प्रदर्शन होतं. रोमच्याही आधी त्या मुलखात एट्रुस्कन नावाचे लोक राहत असत. त्यांच्या कबरींमध्ये सापडलेले पेले, वाडगे, सुरया असं सगळं एका लांबट अंधाऱ्या दालनात मांडलं होतं. फारसं कुणी नव्हतं. माझी नजर पहिल्यांदा गेली ती काळ्या पेल्यांवर. आतून-बाहेरून काळे, आणि तुकतुकीत. संक्रांतीला आम्ही सुगडं पुजतो ना, त्यांतली काळी सुगडं डोळ्यांसमोर आली आणि मी काचेला नाक लावून उभी राहिले. आईनं सुगडांना दोऱ्याचे वेढे घालताना मी शेजारी बसून बोरं आणि उसाचे करवे भरायचे. इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या लोकांच्या भांड्यापुढे आपल्याला घरची आठवण का यावी हे मला कळेना. एका पेल्याला धरायला दोन उंच कान होते, काठाच्याही वर गेलेले, आणि पोटावरून सगळीकडून फिरत गेलेली प्राण्यांची रांग. सिंह, हरणं, पंखांचे घोडे. पण पुढची बाजूच दिसत होती. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. मी खाली बसून दिसेल तेवढं वहीत काढायला सुरुवात केली.

रोज जायला लागले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. आखूड पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि त्या उकाड्याच्या देशात अंगावर लोकरी शाल, कारण तिला एसी सोसत नसे. ती त्या पेल्यांबरोबर इटलीहून आलेली संशोधक होती, फ्लाविया तिचं नाव. तिनं वही हातात घेतली, पानं उलटली आणि विचारलं, "मागची बाजू का नाही काढलीस?" मी म्हटलं, "दिसत नाही." तिचं इंग्रजी माझ्यासारखंच अडखळणारं होतं, म्हणून आमचं जमलं. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली, हातमोजे घालून तसाच एक पेला माझ्यासमोर टेबलावर हळूहळू फिरवला, आणि म्हणाली, "ही सगळी रांग मला कागदावर सरळ पट्टीसारखी उलगडून हवी आहे. लोकांना एका बाजूनंच दिसतं. पेल्याशेजारी तुझी पट्टी लावू. करशील?"

ते काम मला मिळालं तेव्हा मी कुणाला सांगू असं झालं. सांगायला बाबाच होते. ते जेवत होते. म्हणाले, "बरं झालं. एसी आहे ना तिथे?"

त्या महिन्यांत फ्लाविया जे बोलली ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. पुढे आयुष्यभर मी हेच काम केलं. खापरांवरची, मडक्यांवरची नक्षी कागदावर उतरवत आले, आणि नक्षीचा अर्थ लावताना किती जपून राहावं लागतं तेही शिकले. हल्लीचे अभ्यासक म्हणतात की त्यातले निम्मे सिंह निव्वळ फॅशन म्हणून काढलेले असतील, पूर्वेकडून आलेल्या मालावरून उचललेले. असतील. पण सोळाव्या वर्षी मला कुणीतरी प्रत्येक रेघेला कारण असतं म्हणून सांगत होतं, आणि मला त्याची गरज होती. पंख्यासारखी पसरलेली टिंबं म्हणजे ओल्या मातीत दातेरी पट्टीनं दाबलेला ठसा, तो कुंभाराचा हात. कमळं आणि ताडाची पानं, कुठल्या कुठे इजिप्तहून आलेली. मग एका पेल्यावर सिंह होता, त्याच्या तोंडातून माणसाचा एक पाय बाहेर लोंबत होता. मी दचकले. "हा माणसाला खातोय?" फ्लाविया म्हणाली, "हा मृत्यू आहे बहुतेक. घाईत नाही तो. बघ, चालत चालत खातोय. आणि पुढचा घोडा मागे वळूनसुद्धा बघत नाही." तो पाय मी फार काळजीपूर्वक काढला.

एक पसरट पेला होता, त्यावर बाहेरून दोन मोठे डोळे रंगवलेले. फ्लावियानं त्याची मातीची नक्कल तोंडाला लावली आणि वर उचलली, तशी तिचा चेहरा जाऊन तिथे पेल्याचा चेहरा आला. डोळे टवकारलेले, पेल्याचे कान तेच चेहऱ्याचे कान, बूड म्हणजे तोंडाचा चंबू. पिणाऱ्याचे डोळे झाकलेले असतात तेवढ्या वेळात हे डोळे पहारा देतात, असं ती म्हणाली. मला समजावून सांगायची गरजच नव्हती. "दृष्ट," मी म्हटलं, आणि लहान मुलांना काजळाचं गालबोट का लावतात ते तिला माझ्या इंग्रजीत सांगितलं. सिंगापूर नदीवरच्या जुन्या मालवाहू होड्यांना पुढच्या टोकाला तसेच डोळे रंगवलेले असत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ते बघून आलो, नदीकाठी उभ्यानं पेल्यातून गरम सोयाबीनचं दूध प्यायलो. कुणाबरोबर तरी उभं राहून काहीतरी पिण्याचा त्या शहरातला तो माझा पहिला प्रसंग असेल.

त्या एट्रुस्कन लोकांचं लिहिलेलं वाचता येतं, पण अर्थ सगळा लागत नाही. अक्षरं ओळखीची, उजवीकडून डावीकडे ओरखडलेली, आणि भाषा जवळजवळ बुडालेली. पेल्यांवर बहुधा एवढंच असतं की मी अमक्याचा, मला तमक्यानं दिलं. फ्लावियानं हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या घरातही तेवढंच बोललं जायचं, कुणाचं आणि कुणी आणलं.

मग बाबांचा हात भाजला. यार्डात वाफेच्या पाइपला लागला होता. घरी आले तेव्हा डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. "काही नाही," म्हणाले. पट्टी बदलायला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात त्यांना पुन्हा पुन्हा जावं लागत होतं. जखम भरत आली तरी ते जातच होते, आणि उशिरा येत होते. मी फार लक्ष दिलं नाही. एका रविवारी सकाळी त्यांनी नवीन शर्ट घातला, फिकट निळा, आणि मला म्हणाले, "तुझं ते प्रदर्शन मी अजून पाहिलंच नाही. आज येऊ का?"

रविवारी गर्दी असायची, आणि भारतीय कुटुंबं आली की फ्लाविया मला पुढे करायची. मी हिंदीत, इंग्रजीत माहिती द्यायचे. बाबा आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. चाळिशीच्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, साडी, मनगटावर घड्याळ. "या सुनंदाताई," बाबा म्हणाले. "हॉस्पिटलात नर्स आहेत. माझ्या हाताचं ड्रेसिंग यांनीच केलं. साताऱ्याच्या." सुनंदाताई हसल्या. "ड्रेसिंग करताना यांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि मी विचारलं, कुठले तुम्ही? इथे मराठी कानावर पडत नाही ना." मला त्या आवडल्या. मराठीत माहिती सांगायची संधी मला पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही बाबांच्या देखत. मी अगदी सुरुवातीपासून सुरू केलं.

सुनंदाताई नीट ऐकत होत्या. मातीत काळा रंग मिसळत नाहीत, भट्टीत हवा कोंडून धूर मुरवतात, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग आतूनही काळा? फुटला तरी?" मी म्हटलं, "फुटला तरी." बाबा दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, इंजिन तपासायला आल्यासारखे. शेवटी मी त्यांना माझ्या सगळ्यात आवडत्या पेल्यापाशी नेलं. जड बनावटीचा, पोटावर मेजवानीचं उठावदार चित्र. त्याची माझी पट्टी शेजारी लावलेली होती.

"हे बघा, हे नवरा-बायको," मी म्हटलं. "दोघं एकाच पलंगावर रेललेत, एकच पांघरूण घेऊन. हिच्याही हातात पेला आहे, त्याच्याही. शेजारच्या ग्रीक लोकांना हे फार खटकायचं. त्यांच्यात मेजवानीला घरच्या बायका नसायच्याच. हे लोक मात्र बायकोला बरोबर घेऊन जेवायचे. आणि हे चित्र कबरीत ठेवायच्या पेल्यावर आहे, म्हणजे मेल्यावरही असंच जेवायचं."

"बायका मागून जेवत नव्हत्या?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नाही. बरोबरच."

"बरं होतं बाई त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या. "किती सुरेख काढलंयस गं. हिच्या बांगड्यासुद्धा." मग त्या पुढच्या काचेपाशी गेल्या, काहीतरी दिसलं असावं, आणि मान वळवून सहज म्हणाल्या, "अहो, इकडे बघा ना!"

'अहो' काय कुणीही कुणाला म्हणतं. दुकानदाराला म्हणतो, शेजाऱ्याला म्हणतो. पण ते 'अहो' तसं नव्हतं, हे मला लगेच कळलं, कारण अगदी त्याच सुरात ते मी सांगलीच्या घरात ऐकलेलं होतं. बाबांनाही कळलं की मला कळलंय. त्यांचे कान लाल झाले. ते सुनंदाताईंकडे गेलेही नाहीत आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तिथे मध्येच उभे राहिले.

सुनंदाताईंची दुपारची ड्यूटी होती, त्या गेल्या. बाबा मला जवळच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेले. प्लास्टिकची टेबलं, कढयांचा खणखणाट, सगळीकडून लोकांचं एकाच वेळी बोलणं. त्यांनी माझ्यासाठी रोटी प्राटा, आपल्या परोठ्यासारखा, मागवला, स्वतःसाठी नुसती कॉफी. प्राटा गार होईपर्यंत ते चमच्यानं कॉफी ढवळत होते.

"रेवती," ते म्हणाले, "मी आणि सुनंदा लग्न करायचं म्हणतोय. तुला विचारायचं होतं. दोन-तीनदा ठरवलं, पण जमलं नाही."

मी प्राट्याचा एक तुकडा तोडून ताटलीच्या कडेला ठेवला.

"तुझी हरकत असेल तर..." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "एकटी असतेस दिवसभर. मला दिसतं ते."

मला राग आला तो याचा, की त्यांना दिसत होतं. दिसत होतं आणि तरी इतके महिने तसंच चाललं होतं. मी उठून बेसिनवर हात धुतले आणि एकटीच एमआरटीकडे चालायला लागले. ते मागून आले, त्याच डब्यात बसले, समोरच्या बाकावर. घरापर्यंत आम्ही दोन अनोळखी प्रवाशांसारखे आलो.

त्यानंतरचे दिवस मी आठवून बघते तेव्हा मला त्यांतला शांतपणाच आठवतो. चहा झाकलेला असायचा. मी तो प्यायचे नाही, ओतून द्यायचे. बाबा जेवताना मी माझ्या खोलीत असायचे, भांड्यांच्या आवाजावरून ते संपल्याचं कळायचं. बोलणं आधीही नव्हतं, पण आधी ते नुसतं नव्हतं. आता तो अबोला आम्ही दोघंही धरून बसलो होतो. संग्रहालयात माझा हात चालेना. फ्लावियानं ते पाहिलं. माझ्यासमोर एक संत्रं सोलून ठेवलं आणि आपल्या कामाला लागली.

प्रदर्शनाचा शेवटचा आठवडा होता. दुपारची वेळ, दालन रिकामं. सुनंदाताई एकट्याच आल्या, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, थेट ड्यूटीवरून. मला वाटलं आता समजूत घालतील. पण त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शेवटची दोन कपाटं राहिली माझी. दाखवतेस?"

मी कोरडेपणानं दाखवायला लागले. शेवटच्या कपाटात पितळेसारखी पिवळसर दिसणारी एक काशाची सुरई होती, तिच्या गळ्यावर वेडीवाकडी अक्षरं ओरखडलेली. "हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"शुथिना. म्हणजे कबरीसाठी. हे भांडं मेलेल्या माणसाचं आहे, जिवंत माणसांनी वापरायचं नाही."

त्या वाकून अक्षरं बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात माणूस गेलं ना, की नातेवाईक सगळं गोळा करून नेतात. कपडे, चप्पल, औषधंसुद्धा. पण पाण्याचा ग्लास कुणी नेत नाही. तिथेच ठेवून जातात. मी एवढी वर्षं बघतेय. तो फेकवतही नाही आणि दुसऱ्या पेशंटला देववतही नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रडतबिडत नव्हत्या. दमलेल्या दिसत होत्या, पायात कामाचे पांढरे बूट, बुटांवर आयोडिनचा एक डाग.

"हे बघ रेवती," त्या म्हणाल्या, "मला गोड बोलता येत नाही. माझं लग्न झालं नाही, भावंडांचं करता करता राहून गेलं. तुझ्या बाबांशी माझं पटतं. पण त्या घरात तूही आहेस. मी आले तर तू माझ्याशी बोलशील का, एवढंच विचारायला आलेय. ते जमणार नाही असं वाटत असेल तर तसं सांग. मी येणार नाही. आणि का आले नाही ते तुझ्या बाबांना कधी सांगणार नाही."

माझ्या आयुष्यात तोवर कुणी माझ्या हातात इतकं काही दिलं नव्हतं. आई जाताना मला कुणी विचारलं नव्हतं, मिरजेला नेताना नाही, सिंगापूरला आणतानाही नाही. मी हो म्हणायला तयार नव्हते. नाही म्हणायलाही. मी म्हटलं, "बाबांनी तुम्हाला माझ्या आईबद्दल काय सांगितलंय?"

"काहीच नाही. मी नाव विचारलं तर उठून खिडकीपाशी गेले."

"मलाही काही विचारलं नाही त्यांनी," मी म्हटलं. "ती कशी गेली ते. मी तिथे होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही." सुनंदाताई कपाटाकडे वळल्या. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, दोघी त्या सुरईकडे तोंड करून. थोड्या वेळानं एक शाळेचा घोळका आत आला तेव्हा मी म्हटलं, "शनिवारी जेवायला या."

पुढचं सांगायचं तर, पेले गवतासारख्या कागदी तुकड्यांत बांधून, खोक्यांत भरून परत गेले. फ्लावियानं निघताना माझे दोन्ही गाल पकडून मुके घेतले आणि माझ्या पट्ट्या बरोबर नेल्या. जानेवारीत मी शाळेत जायला लागले. बाबांचं आणि सुनंदाताईंचं, पुढे माझ्या सुनंदामावशीचं, लग्न कचेरीत सह्या करून झालं, साक्षीला गो आंटी आणि त्यांचे यजमान होते. ती माझी आई झाली असं काही झालं नाही, तसा तिनं प्रयत्नही केला नाही. आणि मला एकटं वाटायचं थांबलं असंही म्हणता येणार नाही. ते माझ्या स्वभावातच उतरलं असावं, आज पन्नाशी उलटल्यावरही मी भरल्या घरात एखाद्या खोलीत जाऊन बसते. पण त्या फ्लॅटमध्ये काहीतरी बदललं, ते लग्नानं नाही, त्या शनिवारी.

मी वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर केली होती. सुनंदाताईंची ड्यूटी संपायला वेळ होता, म्हणून बाबांची जेवायची वेळ टळून गेली. ते येरझारा घालत होते, पाण्याचा जग भरत होते, पुन्हा भरत होते. त्या आल्या, हातपाय धुतले, आणि मी वाढायला उभी राहिले तर म्हणाल्या, "सगळं टेबलावर ठेव ना. आपण आपलं घेऊ." तिघं बसलो. पहिला घास झाला, दुसरा झाला. पंखा कुरकुरत होता, वर माजाँग चाललं होतं. मग सुनंदाताईंनी वरण वाढून घेतलं आणि माझ्याकडे बघून, जसं काही मीठ मागावं तसं, विचारलं, "आईचं नाव काय गं तुझ्या?"

"सुमन," मी म्हटलं. त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"कशा होत्या?"

हा प्रश्न त्यांनी बाबांकडे बघून विचारला होता. बाबांचा हात ताटातच थांबला. आता उठतील, खिडकीपाशी जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

"मोठ्यानं हसायची," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "फार मोठ्यानं हसायची. सांगलीला खालचे भाडेकरू वर यायचे, काय झालं म्हणून विचारायला."

मी ते विसरले होते. आजारातला पिवळा चेहरा, सुकलेले हात, तेवढंच इतके दिवस माझ्याजवळ उरलं होतं. तिचं हसू मी सपशेल विसरले होते, आणि ते या माणसाजवळ इतका काळ जपलेलं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

"दवाखान्यातसुद्धा हसली होती," मी म्हटलं. "शेवटच्या आठवड्यात. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, उसाचा रस प्या, आणि मावशीनं कुठून तरी अख्खा ऊसच आणून कॉटवर ठेवला. म्हणाली, रस कुठे मिळाला नाही."

सुनंदाताई हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी ताट किंचित बाजूला सारलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि जहाजावरून उतरल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ, पुरतं बघितलं.

"मग?" ते म्हणाले.

आणि मी सांगायला लागले.